‘मीच घेतली की!’

शिवबाई आमच्या पेठेत बांगड्या भरायला यायची. डोक्यावर टोपली आणि तोंडात चार भाषा. माहेर अक्कलकोटकडचं, म्हणून कानडी घरातली. मराठी बाजारातली. तेलुगू ती विणकरांच्या बायकांकडून शिकली आणि दखनी मुसलमान मोहल्ल्यात. शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली. “हात हातात घेतला की बाई बोलतीच,” ती म्हणायची. बांगडी चढताना समोरची नुसतं “हं” म्हणाली, तरी हिला कळायचं, दुखतंय, रंग आवडला नाही, की आतून सासू ऐकतेय.

एकतीस सालच्या उन्हाळ्यात माझे वडील, मुकुंदराव वकील, अर्ध्या जेवणावरून उठून अंगणात आले. तिथं शिवबाई आईला बांगड्या भरत होती; आईचा एक हात अजून रिकामाच होता.

“शिवबाई, चला माझ्याबरोबर! कोर्टाचा दुभाषी आजारी पडलाय आणि आजच तारीख आहे.”

“अगं बाई! कोर्टात? मी?” म्हणेपर्यंत तिनं टोपली आईच्या हवालीसुद्धा केली होती.

खटला सिद्धम्मावर होता आणि वडील तिचे वकील होते. ही मैंदर्गीची, कानडी बोलणारी विधवा एका व्यापाऱ्याच्या घरी धुणीभांडी करायची. मालकिणीची सोन्याच्या पुतळ्यांची माळ नाहीशी झाली. व्यापाऱ्याच्या दिवाणजींनी दोन शेजाऱ्यांसमोर सिद्धम्माला विचारलं, कामापुरत्या मराठीत तिनं दिलेलं उत्तर कागदावर उतरवलं आणि खाली अंगठा घेतला. कागदावर एवढंच होतं : ‘मीच घेतली की.’ या तीन शब्दांवर ती तुरुंगात जाणार होती.

शिवबाईला शपथ दिली गेली. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, “हे वाक्य तू म्हणालीस का?” शिवबाईनं ते कानडीत सांगितलं. सिद्धम्मा रडत रडत काहीतरी बोलली.

“सायेब, ती म्हणती, म्हणाले व्हय. पर असं न्हाय म्हणाले.”

“असं नाही म्हणजे कसं?”

“ते मी कसं सांगू? मी तितं नव्हते. ज्यांनी ऐकलं, त्यांनाच म्हणून दाखवायला सांगा की!”

वडील ताडकन उठले. त्यांनी दिवाणजींना पुन्हा पिंजऱ्यात बोलावून घेतलं. “कागद खाली ठेवा. बाई जशी बोलली, अगदी तशी बोलून दाखवा.”

दिवाणजींनी आधी सपाट आवाजात वाचल्यासारखं म्हटलं. वडील म्हणाले, “शपथेवर आहात.” दिवाणजींनी मालकाकडं पाहिलं, मग सिद्धम्माकडं. माणूस मुळात वाईट नव्हता. त्यांनी एक हात कमरेवर ठेवला, मान उडवली आणि आवाज चढवून म्हणाले, “मीऽच घेतली की! गळ्यात घालूनच आले बघा, दिसंना व्हय तुमाला?”

सगळं कोर्ट खो खो हसलं. पट्टेवाल्यानं तोंडावर हात धरला. मॅजिस्ट्रेटची लेखणी थांबली.

“गळ्यात घालून आले, हे कागदात का नाही?”

“ते... ते मला बोलण्यातलं वाटलं, साहेब. लिहिण्यातलं नाही वाटलं.”

शिवबाईला राहवेना. ती भराभरा सगळं कानडीत सिद्धम्माला सांगत सुटली, तेही हातवाऱ्यांसकट. “हळू!” म्हणून शिपाई ओरडला, पण तिच्या कानांत ते शिरलंच नाही.

तासाभरात सिद्धम्मा सुटली. बाहेर आल्या आल्या तिनं शिवबाईला अशी मिठी मारली, की शिवबाईच्या हातातल्या काही बांगड्या फुटल्या. माळेचं पुढं काय झालं, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

शिवबाई परत आली ती धावतच. आईचा रिकामा हात धरून तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. साहेबांचा आवाज, दिवाणजींचा आवाज, वडिलांचं ताडकन उठणं. शेजारणी जमल्या. तेलुगू घरची एक बाई आली, तेव्हा गोष्ट तेलुगूत पुन्हा पहिल्यापासून झाली. संध्याकाळ झाली, दिवे लागले, आणि आई म्हणाली, “शिवबाई, आता हा हात तरी भरा.”

“थांबा वैनी,” ती म्हणाली, “दिवाणजीनं मान कशी उडवली, ते ह्या आत्ता आलेल्या बायांनी बघितलंच न्हाय.”