सवाष्णीच्या पाटावर

त्या वर्षी महालक्ष्म्या बसवायच्या नाहीत, असं मी घरात ठणकावून सांगितलं होतं. केमोनं केस गेले, तोंडाची चव गेली, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. आजार पुढे गेल्याचं अकोल्याच्या डॉक्टरांनी लपवलं नाही. लग्न झाल्यापासून जिच्यासाठी दरवर्षी राबले, त्या देवीनं हे फळ दिलं होतं. आता कशाला हात जोडू? मनात नुसतं भांडण होतं.

पण सासूबाई कोणाचं ऐकणाऱ्या नाहीत. अनसिंगच्या आमच्या घरात त्यांनी मुखवटे मांडलेच. पुरण, आंबील, सोळा भाज्या, सगळं रांधलं. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. नैवेद्याची वेळ झाली, आणि सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलेल्या शेजारणीचा निरोप आला, जमणार नाही. कॅन्सर भांड्यांतून लागतो, अशी तिची समजूत. मला रडूसुद्धा आलं नाही, इतका संताप आला.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "ऊठ वं माय. पाटावर बस."

"आत्याबाई, डोक्यावर केस नाई माह्या. लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू दे! घरची लक्ष्मी उपाशी ठेवून बाहेरची कायले शोधू मी?"

त्यांनी माझे पाय धुतले, ओटी भरली. सासूनं सुनेचे पाय धुतलेले आमच्या गल्लीत कुणी पाहिले नव्हते. सगळ्यांना वाढून शेवटी गार अन्न गिळणारी मी, पहिल्यांदाच गरम पुरणपोळी पानात घेऊन बसले. आमचे हे वाढायला. तूप पोळीपेक्षा जमिनीवरच जास्त पडलं. लेक खुदुखुदु हसली, मलाही हसू फुटलं. मग आंबिलीचा घोट घेतला आणि ती चक्क आंबट लागली! दुसरा घोट मी मुद्दाम सावकाश घेतला.

कुणी याला चमत्कार म्हणा, कुणी औषधाचा उतार. मी वाद घालत नाही. माझ्यापुरती देवी सासूबाईंच्या ओल्या हातांनी आली. आजार गेलेला नाही. त्याला घाई असेल, मला नाही. आता रोज सगळ्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसते, लेकीच्या शाळेतल्या भानगडी घासाघासाला ऐकते. कुणी "आराम कर" म्हटलं तरी उठत नाही. सगळं देवीच्या हवाली केलंय, माझ्या रागासकट. तिला एवढंच सांगते: बाई, न्यायचं तेव्हा ने, नाही म्हणणार नाही. पण मी पानावर बसलेली असले, तर जरा दारात थांब.