जगूदादाच्या शेडमधला टंगस्टन

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, या जगात टंगस्टन नावाचा एक धातू आहे आणि त्याने आजवर कुणाचंही ऐकून घेतलेलं नाही. आमच्या रिसालदारसाहेबांचंसुद्धा नाही.

गिरण्यांचा संप लांबला तेव्हा मी आणि सुरेश परब लालबागच्या एकाच चाळीतून भरतीला गेलो. दोघांना एकच आर्मर्ड रेजिमेंट मिळाली, पुढे टॅंकही एकच. मी गनर, सुरेश लोडर. पोस्टिंग वाळवंटात. सकाळी पीटी, मग मेंटेनन्स, मग ग्रीस लागलेल्या हातांनी जेवण.

टंगस्टनची ओळख फायरिंग रेंजवर झाली. टॅंकच्या तोफेचा टंगस्टनचा राउंड, म्हणजे गोळा, हा शेपटाला पंख लावलेला भरीव बाण. आत दारूचा कणही नाही. नुसता टंगस्टन ठिसूळ असतो, म्हणून त्याची भुकटी निकेल आणि लोखंडाच्या भुकटीत मिसळून दाबतात आणि भट्टीत भाजतात. तयार होतं ते पोलादाच्या दुपटीहून जड आणि वर चिवट. फोडाफोडी करतो तो त्याचा वेग आणि त्याचं वजन.

समोर एक जुना, मोडीत काढलेला टॅंक उभा केला होता. त्यात क्रूच्या जागी गोणपाटाची चार बुजगावणी बसवली होती.

"गनर, टॅंक!" कमांडरची ऑर्डर आली.

"लोडेड!" सुरेश ओरडला.

"ऑन!" मी नेम धरून म्हणालो.

"फायर!" कमांडर.

जवळ जाऊन पाहिलं. पुढच्या पत्र्याला मूठ जाईल एवढं भोक. काय सुबक! मी टाळ्या वाजवल्या. मग हॅचमधून आत डोकावलो. भोकातून उडालेल्या पोलादाच्या ठिकऱ्यांनी आतलं सगळं कापून काढलं होतं. बुजगावण्यांना मुंडकी नव्हती. गनरच्या जागेवर भुसा आणि सुतळी, एवढंच. टाळ्या वाजवणारा गनर मीच होतो. सुरेश म्हणाला, "वस्ताद, तुझा फोटो काढून ठेव."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे एकदमच रजेवर आलो. संप तोवर कुणी मागे न घेताच संपला होता. सुरेशचा थोरला भाऊ जगन्नाथ, आमचा जगूदादा, गिरणीतल्या साच्यावरून, म्हणजे मागावरून, कायमचा उठला होता आणि काळाचौकीच्या मागे एका भंगाराच्या शेडमध्ये गॅसकटर चालवत होता. तिथे कुठल्यातरी रेंजवरचं भंगार ट्रकने येई. त्यात मॉर्टरचे न फुटलेले बॉम्बही असत. शेजारच्या शेडमध्ये अशाच एकाने एका माणसाचे दोन्ही हात नेले होते. सुरेशने घरी आल्या आल्या भावाशी भांडण काढलं. जगूदादाचं उत्तर ठरलेलं, "माझो हात चुकना नाय."

भंगारवाल्यांची ही रीतच होती. बॉम्ब हातात तोलायचा. हलका लागला तर रिकामा, कापायला घ्यायचा. जड लागला तर भरलेला, वाळूत पुरायचा. ज्यांची खात्री नाही ते कोपऱ्यात ठेवायचे. जगूदादाच्या कोपऱ्यात असे सहा-सात दुधीभोपळ्याएवढे बॉम्ब कधीचे पडून होते.

एका सकाळी त्याने आम्हाला शेडमध्ये बोलावलं. "येवा बघूक, कसलो बॉम्ब गावलो तो!"

वाळूच्या गोण्यांआड लाटण्याएवढा एक काळा तुकडा होता. मी तो उचलला. दगडी वरवंट्याहून जड. आमचाच बाण, पंख तुटलेला! मला इतका आनंद झाला की मी जगूदादा धरून शेडमधल्या चार कामगारांसमोर भाषणच ठोकलं. बॉम्ब नाही, भरीव धातू आहे, याला आग लावा, कुटा, ढिम्म हलणार नाही. वर घण घेऊन त्यावर हाणला. दोघे टेबलाखाली गेले. घणाला खड्डा पडला. सगळे हसले, टेबलाखालचेही. जगूदादा हसत हसत वळला आणि त्याने आपलं अर्धवट राहिलेलं काम पुन्हा सुरू केलं.

सुरेश हसत नव्हता. तो कोपऱ्याकडे बघत होता. कोपरा रिकामा होता.

"दादा, ते सगळे बॉम्ब खंय?"

"कापूक घेतलंय." कटरची निळी ज्योत बॉम्बच्या अंगावर होती. "कालपासून शंकाच मिटली. भरलेलो कसो लागता ता ह्येका हातात घेतल्यार कळला. ह्येच्याम्होर ते कापूस!"

वाळूतला टंगस्टन हातात तोलून त्याने भरलेल्या बॉम्बचं वजन ठरवलं होतं.

 सुरेशने धावत जाऊन भावाच्या छातीत बूट घातला. जगूदादा चार हात लांब, गोण्यांवर जाऊन आदळला. बॉम्बच्या चिरेतून पिवळा धूर फसफसत होता. सुरेशने बॉम्ब गोणपाटात धरला. "कव्हर!" एवढीच ऑर्डर. मी दोघांना घेऊन खाली पडलो. तो दाराकडे धावला. बाहेर मोकळं आवार होतं, पलीकडे गिरणीची भिंत.

तो दारापर्यंत पोचला.

छताचे पत्रे उडून गेले. कानात शिट्टी वाजत राहिली. धूर विरला तेव्हा दाराची चौकट नव्हती आणि विटांना मांस चिकटलं होतं. त्याचा एक बूट आवारात उभा होता, नीट लेस बांधलेला. आत काय होतं ते मी पाहिलं. टंगस्टनचा तुकडा होता तिथेच पडला होता, एक ओरखडा नाही. शेडमधली आम्ही पाचही माणसं जिवंत होतो.

कागदावर तो रजेवर मेलेला सवार, साधा जवान. बिगुल वाजलं नाही. रेजिमेंटच्या दगडावर त्याचं नाव नाही. आमच्या टॅंकवर पुढे दुसरा लोडर आला, चांगला होता. पण "लोडेड" ऐकलं की मी एकदा मान वळवून बघायचो. क्रूने त्याची सवय करून घेतली.

जगूदादाच्या तीन बरगड्या मोडल्या आणि दोन्ही कानांचे पडदे फाटले. संध्याकाळी परळच्या इस्पितळात तो शुद्धीवर आला. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे कुणी त्याला काही सांगू शकलं नव्हतं. वहिनी खाटेच्या कडेला तोंडात पदर कोंबून बसली होती. मी समोर उभा होतो. त्याने छातीवरचा बुटाचा वळ चाचपला, माझ्यामागे दाराकडे पाहिलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडला, "खंय गेलो तो सुरेश? थोरल्या भावाच्या छातीर लाथ मारता! येवंदे, पयलो पाया पडाक लावतंय!"