सारवलेली भिंत

आरमोरीच्या बाजारापासून दोन कोसांवर आमचं गाव. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. हिवतापावर औषध फवारणारी माणसं तेव्हा पहिल्यांदाच आमच्याकडे आली. त्यांनी घरातल्या मातीच्या भिंती भिजवल्या आणि जाताना एक जण आईला म्हणाला, "बाई, भिंती सारवू नका. मच्छर चावलं का रक्तानं जड होते, लांब उडत नाई, भिंतीवरच टेकते. अन् औषधावर टेकलं का मरते."

आईनं ऐकलं. भिंतींवर पांढरे ओघळ वाळले, उग्र वास घरात कोंडून राहिला, तरी पावसाळाभर तिनं हात लावला नाही. मग धान कापणीच्या आधी ताईला पाहायला चिमूरकडचे पाहुणे येणार असं ठरलं. डाग पडलेल्या घरात त्यांना बसवायचं कसं? आईनं शेणमाती कालवली आणि सगळ्या भिंती सारवल्या. मदतीला ताईच होती. पाहुण्यांना घर आवडलं, ताईही आवडली. त्या पाहुण्यांचा मला अजून राग येतो, त्यांनी काहीच केलं नव्हतं तरी.

लग्नाआधीच ताई हिवतापानं गेली.

पुढे मी शिकले. फक्त मादीच चावते, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं, हे पुस्तकात वाचून एकदा आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"तिनं आपल्या लेकरायसाठी चावलं," ती म्हणाली. "मी कोनासाठी सारवलं?"