कांबळ्याला औषध देणारे डॉक्टर

हे लिहायला बसलो खरा, पण हात अडखळतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पाटीला हात लावला नव्हता. आणि ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांचे नुकसान माझ्याच लेखणीने झाले. तेव्हा त्यांना ओळखणाऱ्यांनी मला आधी क्षमा करावी. माणसाला औषध कुणीही देतो. आमचे डॉक्टर कांबळ्याला औषध देत, हे कुणीतरी सांगून ठेवायला हवे.

आमच्या कुंभारवाडा गावाकडे माणूस आजाराने उठेनासा झाला की त्याचे पांघरायचे कांबळे देवापुढे ठेवून कौल मागतात. माणूस येऊ शकत नाही, तर देवाने कांबळ्यावरून ओळखावे, अशी रीत. जोयड्याच्या बाजूला सरकारी दवाखाना निघाला, तेव्हा लोकांनी तीच रीत तिथे नेली. माझी आई तापाने पडली होती. वडील चार कोस रान तुडवून तिचे कांबळे घेऊन गेले, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले आणि हात जोडून उभे राहिले.

"रोगी कुठे आहे?"

"ह्येच की, सायेब. तिला उठवत न्हाई."

कंपाउंडर खदखदून हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कांबळे उलगडून घामाची ओल पाहिली. "थंडी रोज वाजते, का दिवसाआड?"

"दिसाआड. दुपारची."

"बघा, बोलतंय की कांबळं," असे कंपाउंडरला म्हणून त्यांनी हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या बांधल्या. माझी आई त्या पुड्यांनी उठली.

नियम मात्र असा होता, की औषध समोर हजर असलेल्या रोग्यालाच द्यायचे आणि डॉक्टरने परवानगीवाचून ठाणे सोडायचे नाही. म्हणजे तापलेला माणूस चालून यायचा नाही आणि डॉक्टर चालून जायचा नाही. "नियम करणाऱ्याला ताप आलेला नाही, आणि ताप आलेल्याला नियम वाचता येत नाही," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. कांबळे आले की ते वहीत 'रोगी हजर' असे लिहीत. आणि नियम बदलावा म्हणून दर महिन्याला वर एक अर्ज धाडीत. कंपाउंडर कुरकुरला, की त्याला म्हणत, "मी खोटं लिहितो हे मला ठाऊक आहे. खरं लिहिता यावं म्हणून तर अर्ज करतो."

कौल घेतल्याशिवाय पुडी तोंडात न घालणाऱ्या एका म्हातारीला ते एकदा म्हणाले, "आजी, देवाला जरूर विचारा. फक्त म्हणावं, लवकर बोल."

"द्येव बोलतो, सायेब. तुमचं सरकार कुटं बोलतंय?"

यावर ते इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मी धारवाडला कॉलेजात गेलो, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावून घेतले. "कॉलेजवाले, माझं इंग्रजी वाचून वरच्यांना झोप येते. या वेळी तुम्ही लिहा." नद्या, पावसाळा, अंतरे, असे मुद्दे त्यांनी सांगितले. मी ते लिहिले. पण मला ते कोरडे वाटले. म्हणून मी कांबळ्याची हकीकत घातली, माझ्या आईचीही. वाचून साहेबाचे मन द्रवेल, असे मला मनापासून वाटले होते.

डॉक्टर त्या परिच्छेदापाशी थांबले. हातात पेन्सिल होती. मी म्हणालो, "हेच तर खरं आहे, साहेब."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "खरं आहे. राहू दे." आणि सही केली.

महिन्याभरात एक अधिकारी तोच अर्ज हातात घेऊन आला. त्याने वही मागितली, कंपाउंडरची जबानी घेतली. डॉक्टरांची दूर घाटमाथ्यापलीकडे बदली झाली. गाडी जुंपली तेव्हा वडील त्यांच्या पायाशी वाकले. "कांबळं आणायची चूक आमची, सायेब."

"चूक कसली? त्या निमित्तानं मला तेवढीच माणसं भेटली," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तोंड पाडू नका. माझा एकही अर्ज कुणी उलटून पाहिला नाही. तुमचा शेवटपर्यंत वाचला."

नव्या डॉक्टरांनी नियम पाळला. त्या पावसाळ्यात शेजारची गंगी तापाने पडली, तिला डोलीत घालून दवाखान्याकडे नेले. नदी भरली होती. पाणी उतरायच्या आत काठावरच तिचा जीव गेला. मागची रीत असती, तर एखादा गडी कांबळे डोक्याला बांधून नदी पोहून गेला असता आणि पुड्या हातोहात आल्या असत्या. हे मी डॉक्टरांना कळवले नाही. कसे कळवणार?

ते मात्र तिकडूनही आमच्या भागासाठी लिहीतच होते, हे मला पुढच्या वर्षी कळले. सुट्टीत घरी होतो, तेव्हा चावडीवर त्यांच्या अर्जांचा हवाला देणारा हुकूम वाचला गेला: गावच्या पाटलाने खात्री दिल्यास औषध नातलगाच्या हाती द्यावे. वडिलांनी मला दोनदा वाचायला लावले. मी तिथेच बसून डॉक्टरांना पत्र लिहिले.

उत्तर आले ते अनोळखी अक्षरात. त्यांच्या धाकट्या भावाचे होते. लिहिले होते:

"आपले पत्र पोचले त्या दिवशी दादांचा दहावा होता. तापच होता. परवानगी न घेता एका खेड्यात रोगी पाहायला गेले होते, तिथून घेऊन आले. त्यांच्या टेबलावर आपल्या भागासंबंधी एक अर्ज अर्धवट लिहिलेला आहे. त्याचे काय करावे, ते कळवावे."