रिकाम्या चौकटीतलं वाक्य

मी स्वतः केलेल्या भाषांतराची तपासणी बायकोच्या नावाने स्वतःच केली आणि तिचे वेगळे पैसे घेतले. हे करताना आपण फार हुशार आहोत असं मला वाटत होतं, हेही सांगून टाकतो. उगीच कुणी मला भोळा समजायला नको.

गोंदियात कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान. शपथपत्रं, भाडेकरार, दाखल्यांचे अर्ज. गावाचं बोलणं हिंदीत, कागद मराठीत आणि नागपूरहून येणारी पत्रं इंग्रजीत, त्यामुळे इकडचं तिकडे करून द्यायची सवय होती. ब्रॉडबँड आलं तसं कुणीतरी सांगितलं की ऑनलाइन भाषांतराच्या कंपन्या शब्दागणिक पैसे देतात. मी नाव नोंदवलं. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, ‘न्यायालयीन क्षेत्रात पंधरा वर्षे’. खोटं नव्हतं. न्यायालय रस्त्याच्या पलीकडेच होतं.

काम निघालं की जो तो आपला दर टाकायचा. पुण्या-मुंबईचे लोक शब्दाला दीड रुपया मागत, मी तीस पैसे. कामं मलाच मिळू लागली. तीस पैशांत वाचत बसणं परवडत नाही, हा हिशेब मात्र पहिल्याच महिन्यात कळला. मग इंटरनेटवरचं फुकट यंत्र होतं, त्याला इंग्रजी द्यायचं, ते जे ओकेल त्याला जरा पुसून-पासून माणसात आणायचं, की झालं काम. कंपनी आपल्या पानावर ‘अनुभवी, मातृभाषिक भाषांतरकार’ असं लिहायची. मातृभाषिक तर मी होतोच.

अशात सिकलसेलचं पत्रक आलं. हा रक्ताचा आजार आमच्या भागात नवा नाही. सालेकशाकडच्या जंगलपट्टीत तर कितीतरी घरांत आहे. एका संस्थेला तिथल्या आईबापांसाठी सोप्या मराठीत दोन पानं हवी होती: लेकराला काय खाऊ घालायचं, थंडीत कसं जपायचं, दवाखान्यात केव्हा न्यायचं. संस्थेने कंपनीचा सगळ्यात महाग दर निवडला होता. त्या दरात एक जण मराठी करतो आणि दुसरा, मूळ कागद न पाहिलेला माणूस त्या मराठीचं परत इंग्रजी करतो. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून जुळवतात. जुळलं तर मराठी बरोबर.

कंपनीतल्या पोरीचा फोन आला. “सर, आपके पास कोई दूसरा मिलेगा क्या? मराठी से इंग्लिश? अर्जंट है. रेट आपवाला ही.”

“है ना,” मी म्हणालो, “एक मॅडम है. बहुत अनुभवी.”

मॅडम त्या वेळी मुर्रीच्या शाळेत पोरांना पाढे शिकवत होत्या. बायकोचं बी. ए. इंग्रजी घेऊन झालेलं. पदवीची प्रत माझ्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर पडलेली. दहा मिनिटांत तिचं खातं उघडलं. नंबर दिला घरचा.

कंपनीच्या कामात एकेका वाक्याला एकेक चौकट असते आणि एकही चौकट रिकामी असली तर काम पुढे जात नाही. ‘ताप आला तर घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या’ या अर्थाचं एक लांबलचक वाक्य होतं. यंत्राने त्याचा पार चोथा केला. मी ते पुसलं आणि नंतर बघू म्हणून तिथे वरचंच वाक्य चिकटवलं: भरपूर पाणी पाजा. तेवढ्यात एक वकीलसाहेब अर्ज नाचवत आले, साडेअकराला पुकारा होता. ते गेल्यावर मी सरळ काम पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचं काम. मराठी उघडलंसुद्धा नाही. मूळ इंग्रजी घेतलं आणि इथे-तिथे शब्द फिरवले. फारच जुळलं तर संशय यायचा, म्हणून दोन ठिकाणी मुद्दाम बारीक चुका घातल्या. म्हणजे मेहनत मी अजिबात घेतली नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. कंपनी खूश झाली. “मॅडम तो बढ़िया निकली, सर.” छापणाऱ्याला पाण्याचं वाक्य दोनदा दिसलं, त्याने एक उडवलं. त्याचं काय चुकलं?

चार महिन्यांनी घरी फोन आला. बायकोने उचलला. संस्थेच्या डॉक्टरीणबाई होत्या. बायको बराच वेळ नुसतं ऐकत होती. मग म्हणाली, “मी काहीच वाचलं नाही, मॅडम. मला माहीतच नाही.” आणि फोन माझ्या हातात दिला.

“तुमच्या मिसेसच्या इंग्रजीत तापाचं वाक्य आहे,” बाई म्हणाल्या. “मराठीत ते नाही. नसलेलं वाक्य त्यांनी कुठून वाचलं?”

मी वीज, इंटरनेट, छापखाना असं काहीबाही बोलत राहिलो. त्यांनी बोलू दिलं. मग सांगितलं की सालेकशाच्या पुढच्या एका गावातली दहावीची मुलगी चार दिवस तापात घरीच होती. आईने पत्रकात होतं ते सगळं केलं. मुलगी आता गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात आहे, छातीत संसर्ग पसरलाय, रात्र निघेल की नाही सांगता येत नाही.

फोन ठेवला तेव्हा बायको समोरच उभी होती. “माझ्या नावानं काय काय करून राहिले तुम्ही?” एवढंच म्हणाली. नंतर कितीतरी दिवस घरात ती कामापुरतंच बोलायची.

मुलगी वाचली. पण दहावीचं वर्ष गेलं आणि पुढेही चार पावलं भरभर चालली की तिला धाप लागायची, असं कळत राहिलं. हे सगळं नंतरचं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा ती ऑक्सिजनवर होती आणि आई वॉर्डाबाहेर फरशीवर बसली होती. शेजारी कापडी पिशवी, पिशवीत घडी करून ठेवलेलं ते पत्रक. जाताना मी सफरचंदं नेली होती. अशा वेळी माणूस सफरचंदं नेतो.

मी फरशीवर बसलो. सांगून टाकलं, हा कागद मीच लिहिला, त्यात एक ओळ राहिली.

तिने पत्रक बाहेर काढलं आणि माझ्यासमोर धरलं. “कोनती?”

मी जागा दाखवली. त्या जागेवर बोट ठेवून तिने विचारलं, “इतं काय लिवला हाये?” तिला वाचता येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

“ताप चढला तवा मोठ्या पोरीकडून मी हा कागद दोनदा वाचून घेतला,” ती म्हणाली. “तापाचा काई लिवला असंल म्हनून. पानी पाजा निंगला, मी पानी पाजत बसलो.”

मी म्हणालो, “चूक झाली, बाई. पाठवताना वाचायचं राहून गेलं.”

तिने सफरचंदांची पिशवी माझ्याकडे सरकवली.

“मले वाचता येत नाई, तरी मी दोनदा वाचून घेतला. तुमाले येते, न् तुमी एकदाबी नाई वाचला? मंग शिकले कायले?”