आपन हरलो

आमच्या साताऱ्याच्या क्लबात चामड्याच्या फुटबॉलात हवा भरून वादी आवळायचं काम फौजेतून निवृत्त झालेला एक हवालदार करायचा. आणीबाणीच्या आधीच्या त्या हंगामात आम्ही लीग जिंकली, कपही जिंकला. प्रत्येक विजयानंतर तो पोरांना म्हणायचा, “लय ब्येस! जिकला तुमी!” ‘आपण जिंकलो’ असं त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. दोन्ही फोटोंच्या वेळी तो पंप घेऊन बाजूला झाला. मला माणूस जरा तुसडाच वाटला.

हंगामातली शेवटची स्पर्धा सांगलीला होती. अंतिम सामन्यात अगदी साधा बॉल आमच्या गोलकीपरच्या हातून निसटला आणि आम्ही एका गोलाने हरलो. परतीच्या एसटीत त्याच्याशेजारी कोणी बसेना. कप्तान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ह्यानंच घालवलं. फुडच्या वर्साला दुसरा बघू.”

हवालदार उठला आणि गोलकीपरच्या शेजारी जाऊन बसला.

“एकट्यानं न्हाई रं गड्या. आपन हरलो.”

“तुमी कवा खेळला, हवालदार?” कप्तानाने टोमणा मारला.

“जिकला तवा तुमी अकरा पुरं हुता. आता मलाबी धरा.”

पुढच्या वर्षी गोलकीपर तोच राहिला.

उपविजेत्यांच्या ढालीबरोबर फोटो काढायची कोणालाच हौस नव्हती. हवालदार मात्र कोटाला इस्त्री करून सगळ्यांच्या आधी आला. त्या हंगामाच्या तीन फोटोंपैकी एवढ्या एकातच तो आहे, गोलकीपरच्या खांद्यावर हात टाकून.