दानम्माचा कट

अक्कलकोट रोडवरच्या परमिट रूममध्ये सिद्धलिंग बावीस वर्षं पेग भरतोय, पण दारूचा थेंब कधी त्याच्या ओठाला लागलेला नाही. गळ्यात लिंगायताचं लिंग आणि घरात आई दानम्मा, मग प्यायची काय बिशाद! नुसत्या वासावर तो सगळं जुळवायचा.

त्याच्या हातचा एक शॉट मात्र मोहोळपर्यंत गाजला. हुलगे शिजवून निथळलेलं पाणी, म्हणजे कट. त्यात चिंच, तुपात परतलेला लसूण आणि वरून व्होडका. दानम्माच्या घरी कुणी शिंकलं की कट ठरलेला. चिंच-लसूण सिद्धलिंग बारमध्ये तिच्याच रीतीनं घालायचा, व्होडका तेवढी त्याची स्वतःची भर. "हॉटेलात गिऱ्हाइकांना सर्दी हाय," असं सांगून तो रोज आईकडून बरणीभर कट न्यायचा. भर वैशाखातसुद्धा! थाप मारावी तर निदान हंगाम बघून मारावी.

एके दिवशी शेजारचा रिक्षावाला गुरुलिंग बोलून गेला, "आज्जी, तुमचा कट लई भारी. दोन ग्लासांत आपलं घर कुटं हाय तेच कळंना."

दुसऱ्या दुपारी दानम्मा स्वतःच बरणी घेऊन बारमध्ये हजर झाली. गिऱ्हाईक नव्हतं, पण सिद्धलिंगच्या पायाखालची जमीन सरकली. कट बंद झाला तर झाला, आई बोलायची बंद झाली तर काय करायचं?

"दाव, काय करतोस माज्या कटाचं."

त्यानं शॉट भरून तिच्यापुढे ठेवला. तिनं नुसता वास घेतला.

"अव्वा, चुकलं माजं."

"चुकलंच की. लसूण कच्चा हाय. काळा होईस्तोवर जाळायचा असतोय. लोकांना असलं पाजतोस व्हय? चाखून बघत न्हाईस?"

"दारू हाय त्यात. कसं चाखू?"

"मग दारू घालायच्या आधी चाख."

"देवाला दावल्याबिगर?"

हे खरं होतं. त्यांच्या घरात नैवेद्याआधी कुणी चमचा जिभेला लावत नसे. दानम्मानं गल्ल्यावरच्या सिद्धेश्वराच्या फोटोकडे पाहिलं. मग पदर खोचून आत गेली, लसूण पार काळा जाळला आणि बिनदारूचा एक ग्लास फोटोपुढे ठेवला.

"दारूचं काय ते तुजं तू बघ. लोकांनी लसणाला नावं ठेवली तर ती मलाच ठेवल्यागत. रोज दुपारी येत जाईन," असं म्हणून तिनं तो ग्लास दोघांत वाटला.

बावीस वर्षं दुसऱ्यांचे ग्लास भरणारा सिद्धलिंग त्या दिवशी पहिल्यांदा बारमध्ये बसून प्यायला, तोही आईसोबत.